चारचं बटन आणि तुझं 'उद्या या'

पम्या,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला एकेक जण उठून बोलला, आणि प्रत्येकानं फिरून तेच सांगितलं. पम्याभाऊनं जन्मात कोणाले 'नाही' म्हटलं नाही. सांगायचं, आवाज जड करायचा आणि खाली बसायचं. मलाही खुणा झाल्या, सर, तुम्ही बोला, तुम्ही त्याचे लहानपणचे दोस्त. मी उठलो नाही. उठलो असतो तर म्हटलं असतं, खरं आहे, यानं कोणालाच नाही म्हटलं नाही, आणि त्याच पायी केस पांढरे व्हायच्या आत फोटोत जाऊन बसला. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून लिहून काढतो आहे. रडून लिहिणारे तुला पुष्कळ मिळतील. मी रागात आहे आणि रागातच लिहिणार.

सौंसरच्या बस स्टँडजवळचं तुझं दुकान म्हणजे दोघं बसले की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं. घड्याळ, टॉर्च, मिक्सर, रिमोट, रेडिओ, काहीही आणा. तू वस्तू हातात घ्यायचा, कानाशी नेऊन हलवायचा, जशी काही ती तुला आपलं दुखणं सांगणार आहे, आणि म्हणायचा, "होऊन जाईन. उद्या या." जमो की न जमो. शाळा सुटली की मी तुझ्याकडे येऊन बसायचो. माझ्यासारख्या तासिकेवरच्या अतिथी शिक्षकाला शाळेत कोणी फार वेळ बसू देत नाही, तुझ्याकडे लोखंडी स्टूल माझं ठरलेलं होतं. सोल्डरची कांडी कशी धरायची हे तुला मी शिकवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी शिकलो, सुट्टीत घरी येऊन तुला दाखवलं. आपल्या मोहल्ल्यातला पहिला बीएस्सी मी, आणि बरीच वर्षं एकटाच. हे मोठेपणानं सांगतो असं वाटलं तर वाटू दे. ती डिग्री मला कोणी वाटेत सापडली म्हणून आणून दिली नव्हती.

तुला त्याचाही खेळ व्हायचा. गिऱ्हाइकासमोर मला दाखवून म्हणायचा, "हे आमचे बीएस्सी. दुनियाभरचं शिकून आले, आन् उत्तर एकच पाठ करून आले. नाही होत."

गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो, पण मला ते लागायचं.

बोरगावचा तो म्हातारा आठवतो? रेडिओ घेऊन आला होता. मी खोलून पाहिला, आतली कॉइल जळून कोळसा. मी सरळ सांगितलं, बाबा, हा नाही होत, उगाच चकरा मारू नका. तो रेडिओ काखेत मारून निघून गेला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि तू माझ्यावर धावला.

"काऊन बे, तुले काय घाई होती?"

"कॉइल मिळत नाही कुठं. खोटं सांगू का त्याला?"

"खोटं कोणं सांगाले लावलं? उद्या या म्हणाचं. तू नाही म्हणतं त माणूस मेल्यावानी चालला जाते. मी उद्या म्हणतो त तो दोन घडी बसते, चार गोष्टी करते, घरी जाऊन सांगते का काम चालू हाये."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू ना."

त्या दिवशी मी तुला जे बोललो ते पूर्ण झालं नव्हतं, कारण मधेच कोणीतरी सेल घ्यायला आलं. आता पूर्ण करतो, ऐक. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी बाबा तहसिलीत जायचे तेव्हा तुझे बाबा सोबत जायचे. एकट्यानं त्या खिडकीसमोर उभं राहायची बाबांना भीती वाटायची. कापूस वेचणीचे दिवस, गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. खिडकीतला बाबू मान वर न करता सरकारी हिंदीत म्हणायचा, "कल आना." हे दोघं परत. पुन्हा गेले की पुन्हा कल आना. बाबा घरी येऊन चपला काढता काढता नुसतं "कल" म्हणायचे आणि आई समजून जायची. तुझ्या घरीही तेच होत असणार. आपण दोघं त्या एका शब्दावर वाढलो, पम्या. मी ठरवलं होतं की माझ्या तोंडून हा शब्द कोणाला ऐकू येणार नाही. माझं 'नाही' कडू असेल, पण ऐकणाऱ्याचा पुढचा दिवस त्याच्याजवळ राहतो. आणि तू, त्याच बापाचा पोरगा, दुकान टाकून बसला आणि तेच वाटत सुटला.

तुझं उत्तर मला माहीत आहे. एकदा तू ते दिलंही होतं. "बाबूचं कल आन् माहं उद्या सारखं हाये का बे? मी त्याले बसवतो तरी. चाय पाजतो." यावरचं माझं आता ऐक. चहा पाजला म्हणून चक्कर वाचत नाही.

हे लोकांना देऊन थांबला असता तरी मी एवढा चिडलो नसतो. तू तेच स्वतःलाही द्यायला लागला. शटर उचलताना छातीत कळ यायची, डावा हात जड व्हायचा, हे मला तू गेल्यावर तुझ्या बायकोनं, वंदनावहिनीनं सांगितलं. घरात माणसं जमली होती, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "रोज म्हणत होते, गॅस हाये, उद्या जाऊ नागपूरले. आन् मले सांगत, बीएस्सीले नको सांगू." मी तिथं उभा होतो आणि तू दोन पावलांवर आडवा होता. ते आठवलं की आजही मला तुला उठवून विचारावंसं वाटतं, बीएस्सीले नको सांगू म्हणजे काय? रोज संध्याकाळी तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून मी बसायचो. मला सांगायचं नाही तर मग कोणाला? ज्या सकाळी तू नागपूरची बस पकडणार होता, त्या सकाळी आंघोळीला उठला आणि तिथंच बसला, तो पुन्हा उठलाच नाही. तो तुझा उद्या.

वहिनी आता बोरगावला कंपनीत जाते. गाळा रिकामा करून मालकाला द्यायचा आहे. मला म्हणाली, "भाऊजी, याईनं साऱ्याईले उद्या या सांगून ठेवलं. मले काही कोणाले नाही म्हणता येत नाही. तुमाले येते. तुमी सांगा." घ्या. आयुष्यभर नाही न म्हणण्याचं पुण्य तुझ्या नावावर, आणि तुझी सगळी 'नाही' म्हणायला मी.

म्हणून शाळेला सुट्टी टाकून काउंटरमागं बसलो. फळीवर वस्तूंची रांग. एकीवरही नाव नाही, गाव नाही. सगळं तुझ्या डोक्यात होतं, आणि डोकं तू घेऊन गेला. लोक येत होते, आपली वस्तू ओळखून बोट दाखवत होते. मी उघडून पाहायचो, होण्यासारखं असलं तर करायचो, नसलं तर सांगायचो, नाही होत, घेऊन जा. एकजण आपल्या जळलेल्या मिक्सरसाठी आला होता. त्याला नाही म्हटलं. तो "ठीक हाये" म्हणाला आणि बसूनच राहिला. तू कसा गेला ते विचारलं, शेवटी काय खाल्लं होतं ते विचारलं, आपल्या साळ्याचं असंच झालं ते सांगितलं. बऱ्याच वेळानं मिक्सर उचलून गेला. मेल्यासारखा गेला नाही. मला फार वाटलं की तू हे पाहायला पाहिजे होता. वाद मी जिंकला आणि हरणारा जाग्यावर नाही.

मग बाजाराच्या दिवशी रामाकोन्याच्या शकुंतलाकाकू आल्या. ब्लाउज शिवणाऱ्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बसमधून उतरून थेट इकडेच, पिशवी काउंटरवर ठेवली.

"पम्या कुठी गेला? चाय प्याले का?"

मला गोड करून सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. "काकू, प्रमोद वारला," मी म्हटलं.

त्या स्टूलावर बसल्या, माझ्या स्टूलावर. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मांगं आली होती तवा त बोलला माह्याशी, मंधात याले जमलं नाही. म्हणे काकू, पुढच्या बाजाराले पक्कं." आवाज खाली करून, "मंग माहं मशीन?" आणि विचारल्याबरोबर त्यांनाच लाज वाटली. "जाऊ दे बापू. असं विचारू नाही मी."

"विचारायचं," मी म्हटलं. "तुमची वस्तू आहे. काय होतं?"

कॅल्क्युलेटर होता. तुझ्या खालच्या खणात मिठाईच्या डब्यात सापडला, खोललेला. तळहाताएवढा जुना जपानी, वरची पट्टी ॲल्युमिनियमची, बोटांनी घासून गुळगुळीत झालेली. काकूंच्या भावानं त्यांना नागपूरहून आणून दिला होता, शिलाईचं काम सुरू केलं तेव्हा. त्याचं चारचं बटन मेलं होतं. बाकी सगळी चालत होती.

"एका बटनासाठी एवढ्या चकरा?" मी म्हटलं.

"एक कसं? चारच नाही त काय राह्यलं त्याच्यात?" काकू आता जरा सावरल्या. "आमच्या धंद्यात सारं चारानं भागा लागते. बाई केवढीबी असू दे, छातीचं माप घ्या, चवथा हिस्सा काढा, मंग कापडावर रेघ मारा. एवढ्या वर्षाचं त्याच बटनावर बोट. मरन नाही त काय करन ते."

"तोंडी येत नाही का?"

"येते ना. जवान होती तवा तोंडीच करत होती. आता कैची लावाले हात डरते. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नाचं कापड राह्यते बापू. एकदा कापलं का कापलं. मशीननं आकडा दाखवला का हात डरत नाही. नातीच्या फोनावर करून पाह्यलं, त बोटाले खडू राह्यते, तो काच ऐकतच नाही." मग डब्याकडे पाहून, "लग्नाची कापडं येऊन पडली हायेत घरी. मी हातच नाही लावून राहिली."

मी बटनांची रबरी चादर उचलली आणि माझं डोकं फिरलं.

या जुन्या कॅल्क्युलेटरात प्रत्येक बटनाखाली रबराची एक गोळी असते, तिच्या बुडाला काळा कार्बन. बटन दाबलं की तो काळा ठिपका खालच्या पट्ट्यांना टेकतो आणि आकडा उमटतो. ठिपका झिजला किंवा मधे मळ आला की कितीही दाबा, काही होत नाही. काकूंच्या चारखाली शिलाईचा खडू आणि मशीनचं तेल यांचा थर बसला होता आणि ठिपका झिजून गेला होता. एवढंच. पण त्यावर तू काय केलं होतं, पम्या? सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून ठिपक्यावर डकवली होती. तीही चालली असती. पण गोंद इतका टाकला की तो चांदीच्या वरून ओघळून खालच्या पट्ट्यांवर पसरला आणि काचेसारखा वाळला. गोंदातून करंट जात नाही. हे मी तुला सांगितलं होतं. रिमोट दुरुस्त करताना सांगितलं होतं, आणि तू म्हणाला होता, "हव ना मास्तर, समजलं." समजलं नव्हतं. नव्हतं समजलं तर विचारायचं. मी रोज शेजारीच बसत होतो. तुझ्या डाव्या हाताला, जो हात जड होत होता त्याच हाताला.

तू दहावी नापास झाला तेव्हाही असंच. निकालाच्या दिवसापर्यंत म्हणत होता, सगळं सोडवून आलो. भूमिती येत नाही हे एकदा म्हटलं असतं तर मी शिकवली असती. तू तेव्हाही विचारलं नाही.

"काकू, बसता का थोडं?" मी म्हटलं. "आत्ताच करून देतो."

"आज?" काकूंचा विश्वास बसेना. तुझ्या दुकानात हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला असावा.

ब्लेडच्या टोकानं गोंद खरवडला, जोर न लावता, कारण खालच्या पट्ट्याच निघून आल्या तर संपलंच. स्पिरिटनं पुसलं. पुसलेला कापूस काकूंना दाखवला, त्यावर खडूचा निळा रंग आला होता. "अगं माय, हे माहं निळं खडू होय," त्या म्हणाल्या, जुना ओळखीचा माणूस दिसावा तशा. पट्ट्या जिथं पुसट झाल्या होत्या तिथं शाळेतली काळी पेन्सिल फिरवली, तिच्या शिशातून करंट जातो. फळीवरच्या बेवारशी रिमोटमधून एक धड ठिपका कापून काढला आणि चारच्या गोळीला लावला. गोंद सुईच्या टोकावर येईल तेवढाच. काकू वाकून पाहत होत्या. मी हात चालवत होतो आणि तुला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. काम सोपं होतं याचा राग सगळ्यात जास्त येत होता. अवघड असतं तर तुला माफ केलं असतं.

तरी एक गोष्ट तुझ्या नावावर लिहितो, नाहीतर वहिनी म्हणेल भाऊजी फक्त भांडतात. डब्यात एकही स्क्रू हरवला नव्हता. तेवढाले बारीक स्क्रू, तू ते टेपच्या तुकड्यावर ज्या जागचे त्या जागी चिकटवून ठेवले होते. वरच्या पट्टीलाही कुठं ओरखडा नव्हता. परक्याची वस्तू तू जपून ठेवत होता. माझ्याहून जास्त जपून, हेही मान्य. माझ्या कॉलेजची फी भरायची होती तेव्हा तुझी सायकल विकली गेली आणि त्याबद्दल तू मला कधी अवाक्षर बोलला नाही, तेही मला माहीत आहे. पण त्यानं हा हिशेब मिटत नाही. तो वेगळा, हा वेगळा.

सेल टाकले, झाकण लावलं, काकूंकडे दिलं. त्यांनी आधी बोट पदराला पुसलं. तीन दाबलं, चार दाबलं. चौतीस उमटलं. भागिले चार.

"साडेआठ," म्हणाल्या. मग छत्तीस, मग अडतीस, मग चाळीस, मग बेचाळीस, मापांमागून मापं. गावातल्या बाया एकेक करून डोळ्यांसमोर येत असाव्यात, कारण बेचाळीसला त्या जराशा हसल्या.

कॅल्क्युलेटर रुमालात बांधून पिशवीत ठेवला, उठल्या, आणि पायरीवर थांबल्या.

"तो बोलला होता मले," काकू म्हणाल्या. "म्हणे काकू, हे माह्यानं नाही होत."

"कोण? पम्या?"

"हव. मले म्हणे, तुमाले खोटं नाही सांगत, माह्यानं बिघडलं हे. पण आमचा बीएस्सी करून देईन. त्याले विचारतो. मी म्हटलं विचार ना मंग, रोज त येते म्हणतं तुह्याकडे. त म्हणे, उद्या विचारतो." काकूंनी माझ्याकडे जरा भीत भीत पाहिलं. "म्हणे तो चिडते."

बस लागली होती, काकू गेल्या. म्हणजे तुला नाही म्हणता येत होतं. एका म्हातारीला का होईना, पण तू म्हटलं होतं. तुझं शेवटचं उद्या कामाचं नव्हतंच. ते मला विचारण्याचं होतं.

हो पम्या, चिडलो असतो. तो कॅल्क्युलेटर पाहून चिडलो असतो, गोंद पाहून आणखी चिडलो असतो, तुझ्या अकलेचा उद्धार केला असता, काकूंसमोर केला असता. आणि तोंड चालू ठेवून तेवढ्यात करून दिलं असतं, जसं आज दिलं. छातीत दुखतं म्हणाला असता तरी चिडलोच असतो. इतके दिवस काऊन नाही सांगितलं म्हणून भर बस स्टँडवर शिव्या दिल्या असत्या, शटर मी ओढलं असतं, तुला दंडाला धरून नागपूरच्या बसमध्ये चढवलं असतं, खिडकीची जागा तुला दिली असती आणि वाटेत सावनेर येईपर्यंत तुला बोलत राहिलो असतो. सावनेरच्या पुढं कदाचित दमलो असतो. एवढंच झालं असतं. माझ्या रागापलीकडे तुला काहीही झालं नसतं.

तेवढा सहन करायचा होता ना बे.